एप्रिलिया आरएसए १२५: डिस्क मागे का गेली?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एप्रिलियाच्या आरएसए १२५ या टू-स्ट्रोक ग्रां प्री रेसिंग इंजिनात कार्ब्युरेटर आणि फिरती डिस्क (इंजिनात मिश्रण येण्याची वाट उघडणारी-मिटणारी चकती) नेहमीप्रमाणे क्रँकच्या बाजूला नाहीत, सिलिंडरच्या मागे आहेत. असं का केलं? १२५ सीसीमधून ५४ अश्वशक्तीच्या आसपास ताकद निघाली ती या मागच्या डिस्कमुळेच का? आणि यामाहाच्या आरएक्स १०० वर पोर्टिंग करणाऱ्याने, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतली वायूची भोकं (पोर्ट) घासून बदलणाऱ्याने, यातून काय घ्यावं?

डिस्कपासून सुरुवात केली तर हे इंजिन कळत नाही. सायलेन्सरच्या टोकापासून कार्ब्युरेटरकडे उलटं वाचत गेलं की डिस्क मागे का गेली ते आपोआप समजतं. त्याच क्रमाने उत्तर देतो. जरा लांबेल, पण या इंजिनाला घाईने समजून घेण्यात काही मजा नाही.

आधी माणसाबद्दल, कारण हे इंजिन एका माणसाच्या आयुष्यभराच्या कामातून आलं. यान थील हा डच तंत्रज्ञ. १९६० च्या दशकात त्याने मार्टिन मायवार्टबरोबर जामाथी नावाची ५० सीसीची रेसिंग मोटरसायकल बनवली. १९६८ मध्ये पॉल लोडवाइक्सने तिच्यावर डच टीटीची ५० सीसी शर्यत जिंकली. पुढे थील पिओवातिची, बुल्टाको, मिनारेली, गारेली असा फिरत १९९० च्या दशकात एप्रिलियाच्या नोआले इथल्या रेसिंग विभागात आला. सगळीकडे काम एकच, लहान सीसीचं टू-स्ट्रोक. आरएसए २००७ मध्ये ट्रॅकवर आली आणि त्या वर्षी गाबोर टालमाची १२५ सीसीचा विश्वविजेता झाला. २००८ मध्ये माइक दि मेलिओ, २००९ मध्ये हुलियान सिमोन, २०१० मध्ये मार्क मार्केझ, २०११ मध्ये निको तेरोल. यात दि मेलिओ आणि मार्केझच्या गाड्यांवर डर्बीचं नाव होतं, पण डर्बी आणि एप्रिलिया दोन्ही पियाजिओच्याच, आणि इंजिनही तेच. २०१२ पासून मोटो३ चं चार-स्ट्रोक आलं आणि हा वर्गच बंद झाला. म्हणजे आरएसए हे १२५ सीसी ग्रां प्री टू-स्ट्रोकचं शेवटचं आणि माझ्या मते सर्वांत परिपूर्ण रूप.

आता आकडे. आरएक्स १०० चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ५० आणि स्ट्रोकही (पिस्टनचा वर-खाली प्रवास) ५० मिलीमीटर, ९८ सीसी, मिनिटाला ७,५०० फेऱ्यांना सुमारे ११ अश्वशक्ती. आरएसएचा बोअर ५४, स्ट्रोक ५४.५, १२४.८ सीसी, १३,००० फेऱ्यांच्या आसपास ५४ अश्वशक्ती. दर लिटरमागे हिशेब केला तर आरएक्सचे ११२ येतात, आरएसएचे ४३३. म्हणजे जवळपास ३.९ पट. या ३.९ मध्ये फेऱ्यांचा वाटा किती? १३,००० भागिले ७,५००, म्हणजे १.७३. उरलेला २.२ पटींचा वाटा प्रत्येक फेरीत सिलिंडरमध्ये जास्त आणि जास्त स्वच्छ मिश्रण भरण्याचा आहे. पिस्टनवरचा सरासरी परिणामी दाब काढला तर आरएक्समध्ये तो साधारण ६.६ बार आणि आरएसएमध्ये १४.७ बार येतो.

हा हिशेब मी प्रत्येक नव्या मुलाला कागदावर करायला लावतो. रेसिंग इंजिन म्हणजे जास्त फेऱ्या, एवढंच बहुतेकांच्या डोक्यात असतं. इथे मोठा वाटा फेऱ्यांचा नाहीच, श्वासाचा आहे. शिवाय टर्बो नाही, सुपरचार्जर नाही. मग दुपटीहून जास्त दाब आणतो कोण?

आणतो पाइप. पूर्व जर्मनीतल्या झोपाऊ गावी एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेनने १९५० च्या दशकात हे शास्त्र उभं केलं. १९६१ पर्यंत त्याच्या १२५ सीसी इंजिनाने २५ अश्वशक्ती गाठली, म्हणजे लिटरला २००. एक्झॉस्ट पोर्ट उघडताच दाबाची लाट पाइपमध्ये धावते. पाइप रुंदावत जातो तिथून लाटेचा काही भाग शोषणाची लाट बनून परत येतो आणि सिलिंडरमधून जळका वायू ओढतो. पुढे पाइप अरुंद होतो तिथून उरलेली लाट दाबाची लाट म्हणूनच परतते आणि एक्झॉस्ट पोर्ट बंद होण्याच्या बेतात असताना, पाइपच्या तोंडाशी निसटलेलं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. आधी ओढणारा पंप, मग ढकलणारा पंप, आणि दोन्ही एकाच पत्र्याच्या नळीत.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या. शोषणाची लाट सर्वांत जोरात येते ती पिस्टन तळाशी असताना. त्या वेळी ट्रान्सफर पोर्ट, म्हणजे पिस्टनखालच्या क्रँककेसमधून ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये आणणाऱ्या वाटा, उघडे असतात, म्हणजे ती ओढ ट्रान्सफरमधून थेट क्रँककेसपर्यंत पोचते. चांगल्या रेसिंग टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या खालच्या बाजूने मिश्रण वर ढकलणं हे दुय्यम काम होऊन बसतं. मुख्य काम पाइप ओढून करतो. आरएसएचं सगळं विचित्रपण या एका वाक्यातून उगवतं.

पाइपला काम करता यावं म्हणून त्याच्या आधी एक अडचण सोडवावी लागते, आणि माझ्या मते या इंजिनातला खरा अवघड भाग तोच आहे. आपण त्याला ब्लोडाउन म्हणतो. एक्झॉस्ट उघडल्यापासून ट्रान्सफर उघडेपर्यंतचा वेळ. या वेळात सिलिंडरमधला जळक्या वायूचा दाब क्रँककेसच्या दाबाइतका खाली आला पाहिजे, नाहीतर ट्रान्सफर उघडताच जळका वायू उलटा खाली घुसतो आणि ताजं मिश्रण थांबतं. दादरला लोकल लागल्यावर उतरणारे उतरायच्या आत चढणारे घुसले की दारात जे होतं, तेच.

हा वेळ आहे तरी किती? क्रँकच्या ३६० अंशांच्या फेरीत एक्झॉस्ट उघडा राहण्याचा एकूण काळ १९६ अंश धरला तर तो शिरोबिंदूनंतर (पिस्टन सर्वांत वर असतो त्या क्षणानंतर) ८२ अंशांवर उघडतो. ट्रान्सफरचा काळ १३० अंश धरला तर ते ११५ अंशांवर उघडतात. मधे उरले ३३ अंश. १३,००० फेऱ्यांना एक पूर्ण फेरी ४.६ मिलिसेकंदांची, त्यामुळे ३३ अंश म्हणजे ०.४२ मिलिसेकंद. अर्ध्या मिलिसेकंदाहूनही कमी वेळात सिलिंडर रिकामा व्हायला हवा.

वेळ वाढवता येत नाही. एक्झॉस्ट आणखी वर नेला तर पिस्टनला ढकलणारा दाब लवकर वाया जातो आणि खालच्या फेऱ्यांची ताकद मरते. आरएक्सचा एक्झॉस्ट डाय-ग्राइंडरने वर नेऊन ज्यांनी गाडी खालून मेलेली पाहिली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. मग उरतो मार्ग रुंदीचा. पण एकच पोर्ट बोअरच्या साधारण ७० टक्क्यांहून रुंद केला की पिस्टनची रिंग त्यात फुगून कडेला अडकते. म्हणून मधे एक मोठा आणि दोन बाजूंना दोन छोटे असे तीन एक्झॉस्ट पोर्ट आले. या दोन छोट्या पोर्टांनी ब्लोडाउनचं क्षेत्रफळ खूप वाढवलं. त्याची किंमत मात्र शेजारच्या ट्रान्सफरने मोजली, कारण सिलिंडरचा घेर तेवढाच राहतो. इथे एक मिलीमीटर घेतला की तिथला एक जातो. बोअर आणि स्ट्रोक जवळपास सारखे ठेवण्यामागे हाच हिशेब आहे. चार-स्ट्रोकवाले मोठा बोअर आणि छोटा स्ट्रोक घेतात. टू-स्ट्रोकमध्ये पोर्ट भिंतीत असतात, आणि त्या भिंतीला उंचीही लागते. होंडाच्या आरएस१२५ चं मापही ५४ गुणिले ५४.५ होतं. वेगवेगळ्या कारखान्यांनी वेगवेगळ्या वाटेने जाऊन एकच माप गाठलं, यावरून ते किती घट्ट उत्तर आहे ते कळतं.

एक्झॉस्ट पोर्टनंतरच्या वाटेचंही तसंच. भोक जितकं मोठं तितकं चांगलं असं आपल्याकडे मानतात. आरएसएमध्ये पोर्टपासून पाइपच्या जोडापर्यंतचा मार्ग उलट आवळत नेला आहे. लाटेचा जोर टिकावा आणि परत ढकलायचं मिश्रण मोठ्या पोकळीत पसरू नये, म्हणून. हा भाग बाहेरून दिसत नाही, त्यामुळे नक्कल करणारे नेमका तोच चुकवतात.

आता ट्रान्सफर. पाच पोर्ट आहेत. एक्झॉस्टच्या दोन्ही बाजूंना ए, त्यांच्या मागे बी, आणि एक्झॉस्टच्या समोर मागच्या भिंतीत एक सी. ए आणि बीचे प्रवाह एक्झॉस्टकडे पाठ करून मागच्या भिंतीकडे जातात, तिथे डावे-उजवे एकमेकांना भिडतात, वर चढतात, हेडला वळसा घालून जळका वायू पुढे लोटत खाली येतात. १९२० च्या दशकात जर्मन अभियंता श्न्युर्ले याने शोधलेल्या वळशाच्या पद्धतीचंच हे वाढवलेलं रूप. सगळी मदार डावं आणि उजवं समान असण्यावर आहे. एका बाजूचा प्रवाह जरा जोरात आला की वर चढणारा खांब कलतो, मिश्रणाचा एक भाग सरळ एक्झॉस्टमधून निसटतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात जळका वायू अडकून बसतो.

इथे आपण डिस्कपाशी पोचलो.

क्रँककेसमध्ये मिश्रण घेण्याचे रेसिंगमध्ये तीन मार्ग. पिस्टनच्याच कडेने उघडणारा पोर्ट, जो शिरोबिंदूच्या आधी जितके अंश उघडतो तितकेच अंश नंतर उघडा राहतो, आणि ही सक्तीची समानता त्याला मारते. दुसरा रीड व्हॉल्व्ह, पात्यांचा. तो दाबाप्रमाणे आपोआप उघडमीट करतो, पण पाती उघडायला दाबाचा काही भाग खातात आणि प्रवाहाच्या वाटेतच उभी असतात. तिसरी फिरती डिस्क. कापलेली पातळ चकती क्रँकच्या गतीने फिरते आणि आपण ठरवलेल्या अंशांवर वाट उघडते, बंद करते. उघडल्यावर वाट पूर्ण मोकळी. एमझेडच्या मोटरला ही डिस्क डानिएल झिमरमानने लावली आणि काडेनने ती पुढे नेली.

रेसिंग डिस्क शिरोबिंदूच्या साधारण १४० अंश आधी उघडते आणि नंतर ८५-९० अंशांच्या आसपास बंद होते. १४० अंश आधी म्हणजे तळबिंदूनंतर अवघे ४० अंश. ट्रान्सफर त्या वेळी अजून उघडे असतात, ते तळबिंदूनंतर ६५ अंशांवर बंद होतात. म्हणजे मधे साधारण २५ अंश डिस्क, ट्रान्सफर आणि एक्झॉस्ट तिन्ही एकदम उघडे. कार्ब्युरेटरपासून सायलेन्सरपर्यंत एक सलग नळी, आणि पाइप थेट कार्ब्युरेटरमधून हवा ओढतोय. हे पहिल्यांदा आकृतीत मांडून पाहाल तेव्हा टू-स्ट्रोककडे बघायची तुमची नजर बदलेल, अशी मला खात्री आहे.

मग डिस्क बाजूला असण्यात अडचण काय? सोय तिथेच होती. क्रँकच्या टोकावरच चकती बसवायची, वेगळा गिअर नको. सुझुकीच्या आरजी५०० ला चार सिलिंडर आणि बाजूंना चार डिस्क होत्या, बॅरी शीनने तिच्यावर १९७६ आणि १९७७ चं ५०० सीसीचं विश्वविजेतेपद घेतलं. पण बाजूने येणारं मिश्रण क्रँकच्या जाड चकतीवर आदळतं. तिला वळसा घालून आत यावं लागतं आणि मग पुन्हा वर वळावं लागतं. ज्या बाजूला डिस्क, त्या बाजूच्या ट्रान्सफरच्या मुळाशी इनलेटचं भोक येतं, त्यामुळे तिथली रचना दुसऱ्या बाजूसारखी करता येत नाही. वर आपण ज्या डाव्या-उजव्या समानतेसाठी जीव टाकतोय, ती तळातच बिघडते. शिवाय कार्ब्युरेटर बाजूला बाहेर येतो आणि गाडी रुंद होते.

रीडच्या इंजिनांना हा त्रास नव्हता. रीडची पेटी सिलिंडरच्या मागे, मधोमध बसते, मिश्रण सरळ पिस्टनखाली येतं आणि दोन्हीकडे सारखं वाटलं जातं. होंडाने रीड वापरूनच २००३, २००४ आणि २००५ अशी सलग तीन वर्षं पेद्रोसा, दोविझिओझो आणि ल्युथीच्या हातून १२५ चं विजेतेपद घेतलं, हे विसरू नये. म्हणजे मागची, मधली जागा किती मोलाची ते समोरच दिसत होतं. थीलने रीडची जागा आणि डिस्कचं टायमिंग एकत्र आणलं. मागच्या डिस्कचा अर्थ एवढाच, आणि एवढा मोठा.

आधी कुणी का केलं नाही? कारण चकती मागे बसवली की तिचा अक्ष क्रँकला काटकोनात येतो. क्रँकची गती नव्वद अंशांत वळवून, तंतोतंत तितक्याच फेऱ्यांनी, १३,००० च्या वर फिरवत चकतीपर्यंत न्यावी लागते. जास्तीचे गिअर, बेअरिंग, घर्षण. हा खर्च फायद्याहून कमी ठेवणं हे फार काटेकोर काम आहे. डिस्कला नेहमीच्या जागेवरून हलवण्याची कल्पना मात्र जुनी. बर्लिनच्या क्योनिगने बोटीसाठी बनवलेल्या सपाट चार सिलिंडरच्या इंजिनात चकती क्रँककेसच्या वर आडवी बसवलेली होती आणि दातेरी पट्ट्याने फिरायची. न्यूझीलंडच्या किम न्यूकोंबने ते मोटरसायकलमध्ये बसवून १९७३ मध्ये युगोस्लाव्हियाची ५०० सीसी ग्रां प्री जिंकली. त्याच वर्षी सिल्व्हरस्टोनला अपघातात तो गेला आणि मरणोत्तर विश्वक्रमवारीत दुसरा आला. त्या इंजिनाबद्दल स्वतंत्र लिहायला हवं.

मागच्या डिस्कबरोबर क्रँककेसबद्दलचं जुनं मतही बदललं. पूर्वी क्रँककेसमधली पोकळी जितकी लहान तितकं बरं म्हणायचे. क्रँकच्या खाचा भरून काढायचे, म्हणजे पिस्टन खाली येताना दाब जास्त तयार होईल. पण ओढणारा पाइप असेल तर लहान पोकळी लगेच रिकामी होते, तिथला दाब कोसळतो आणि प्रवाह मंदावतो. मोठी पोकळी साठा पुरवते. थीलने क्रँककेस मुद्दाम मोठी ठेवली. हे नीट वाचा, कारण ते पाइप जोरदार असेल तरच खरं आहे. आरएक्सच्या कंपनीच्या सायलेन्सरबरोबर क्रँककेस मोठी केली तर गाडी मंद होईल.

इग्निशनबद्दल थोडक्यात. पाइप एका ठरावीक फेऱ्यांनाच जुळतो, कारण लाटेचा वेग ठरलेला असतो, गरम वायूत सेकंदाला साधारण ५५० मीटर. पण हा वेग तापमानावर अवलंबून आहे. म्हणून कमाल ताकदीच्या पुढच्या फेऱ्यांना ठिणगी मुद्दाम उशिरा देतात. ज्वलन उशिरा संपतं, पाइप जास्त तापतो, लाट वेगाने धावते आणि तोच पाइप जणू आखूड होतो. त्याच वेळी पॉवर जेट (कार्ब्युरेटरमधली जास्तीचं पेट्रोल देणारी नळी) बंद करून मिश्रण पातळ करतात, तेही त्याच कामाला येतं. गिअर न बदलता आणखी काही फेऱ्या ओढता येतात, आणि शर्यतीत वळणाआधी त्याचं मोल फार असतं.

तेव्हा ५४ अश्वशक्ती मागच्या डिस्कमुळे का, याचं उत्तर असं, की बहुतांश ताकद पाइप, ब्लोडाउन आणि ट्रान्सफरची आहे. ते सगळं टोकाला पोचल्यावर बाजूची डिस्क आड येऊ लागली, म्हणून तिला हलवलं. साध्या सिलिंडरला मागची डिस्क लावली असती तर खर्चाशिवाय हाती काही लागलं नसतं.

आता आरएक्स. तिचा रीड आधीच सिलिंडरच्या मागे, मधोमध आहे, म्हणजे जागा बरोबरच आहे. त्यावर डिस्कचा विचार करू नका. एक्झॉस्टला हात लावायच्या आधी क्रँकवर अंशांची चकती लावून एक्झॉस्ट आणि ट्रान्सफर कुठे उघडतात ते मोजा आणि ब्लोडाउनचे अंश लिहून काढा. मग डाव्या आणि उजव्या ट्रान्सफरची उंची एकमेकांशी ताडून पाहा. कारखान्याच्या ओतीव ब्लॉकमध्ये त्यात फरक सापडतो, आणि तो काढणं हे सर्वांत स्वस्त काम आहे. क्रँककेस आणि ब्लॉक जुळतात तिथली पायरी घासून सरळ करा, गास्केटही त्याच आकारात कापा. एक्झॉस्ट उंचीपेक्षा रुंदीत वाढवा, तोही ७० टक्क्यांच्या आत, आणि पोर्टच्या कडा गोल करायला विसरू नका, नाहीतर रिंग तुटेल. पाइप सर्वांत शेवटी, या मोजलेल्या अंशांवरून आणि तुम्हाला ताकद किती फेऱ्यांना हवी आहे त्यावरून लांबी काढून बनवून घ्या. दुसऱ्याच्या गाडीवर छान चाललेला पाइप तुमच्या पोर्टना जुळेलच असं नाही.

ही मापं घेतलीत की अंशांचे आकडे आणि पिस्टनवरच्या काजळीचे फोटो पाठवा. काजळी नसलेले स्वच्छ पट्टे कुठे आहेत यावरून ट्रान्सफरचे प्रवाह कुठे जातात ते सांगता येतं, आणि पुढचं बोलणं त्यावरूनच करू.